पिंपामागचा ससा

प्रश्न : अक्का, आम्ही अनगोळला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मुलाच्या हट्टापायी ससा घेतला, नर आहे, आता सात महिन्यांचा. ट्रे आणून ठेवलाय, पण स्वारी शू करते ती तांदळाच्या पिंपामागेच. लेंड्या घरभर. शहाबादी फरशीवर पांढरे डाग पडलेत आणि घरमालक कटकट करायला लागलेत. काय करू?

उत्तर : ट्रे कुठे ठेवलात ते लिहिलं नाहीत, पण ओळखते. न्हाणीच्या दाराशी ना? मीही तेच केलं होतं. वडगावच्या आमच्या घरी सशानं विणायच्या मागाच्या खोलीतला कोपरा धरला होता आणि मी महिनाभर त्याला उचलून न्हाणीशी नेत होते. शेवटी हरले आणि ट्रेच मागाखाली सरकवला. दोन दिवसांत काम झालं!

तेव्हा पिंप हलवा, तिथं ट्रे ठेवा. सशाला आत वळता आलं पाहिजे. भांडी विसळायचा पसरट टब उत्तम. तळाला रद्दीचे थर, वर भाताचं पिंजर म्हणजे पेंढा आणि एका टोकाला वाळलं गवत भरपूर. खरी गोम या गवतात आहे. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून चरायची जागाही ट्रेच हवी. पावसाळ्यात आपल्याकडं गवताला बुरशी लवकर धरते, वास घेऊनच घाला. मांजरांची ओली झाली की गोळा होणारी वाळू मात्र नको, पोटात गेली तर आतडं तुंबतं.

पहिले पंधरा दिवस त्याला एकाच खोलीत ठेवा. बाहेर शू केली तर कागदानं टिपून तोच कागद ट्रेत टाका. रागावू नका, नुसता बुजेल.

सात महिन्यांचा नर म्हणजे ऐन वयात आलेला, हद्द आखत फिरणार. सशांची ऑपरेशनं केलेला डॉक्टर शोधून नसबंदी करून घ्या, काही आठवड्यांत फरक दिसेल. तरी चार लेंड्या बाहेर पडतीलच. कोरड्या असतात, केरसुणीनं ओढा आणि गुलाबाच्या कुंडीत टाका.

डाग सशाच्या लघवीतल्या कॅल्शियमचे. प्लास्टिकच्या ट्रेवरचे व्हिनेगरनं निघतात, पण शहाबादीला व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. तो चुनखडीचा दगड, आंबट त्याला खातं. मी लिंबू घासून फरशीची रयाच घालवली होती. पिंपामागच्या डागावर आता ट्रेच बसणार आहे, घरमालकांना दिसायचा नाही.