बर्गरची तुलना करताय? मग साधाच मागवा
प्रत्येक ठिकाणी तिथला सगळ्यात साधा बर्गर मागवा. चीजचे थर आणि तिखट सॉस कच्च्या हाताचं काम झाकून टाकतात. पहिला घास नुसत्या पॅटीचा, म्हणजे आतल्या मांसाच्या टिक्कीचा घ्या. कडकडीत तापलेल्या तव्यावर भाजलेल्या पॅटीला तपकिरी, खमंग पापुद्रा येतो. मांसात साधारण 20 टक्के चरबी असेल तर ती आतून रसाळही राहते. पातळ, दाबून भाजलेली पॅटी आणि जाड पॅटी यांना एकाच मापाने मात्र मोजू नका, तो अन्याय होईल. पाव आतल्या बाजूने शेकलेला आहे ना, तेही बघा. नाहीतर रसाने तो लगेच लिबलिबीत होतो. आणि पार्सल नकोच! डब्यातल्या वाफेत उत्तम बर्गरसुद्धा वाया जातो. फ्राइजचे गुण वेगळे धरा.