काम गेलं, खोली गेली, आणि रात्री पोलीस उठवतात

मंदी लांबली तशी या सदराला येणारी पत्रं बदलली. पूर्वी थकलेल्या पगाराचं पत्र वेगळं असायचं आणि पोलिसांच्या जाचाचं वेगळं. आता तीच माणसं एकाच पत्रात दोन्ही लिहितात.

प्रश्न : साकीनाक्याच्या कारखान्यात सात वर्षं शिलाई मशीनवर होतो. ऑर्डरी नाहीत म्हणून मालकाने काढलं. भाडं थकलं, खोली गेली. आता कुर्ल्याला पुलाखाली झोपतो. पोलीस रात्री उचलून नेतात, सकाळी सोडतात. परवा एका छापील कागदावर सही घेतली आणि ‘चॅप्टर केस’ म्हणाले. माझा गुन्हा काय?

गुन्हा काहीच नाही. घर नसणं किंवा काम नसणं कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही. चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे. ‘हा माणूस पुढे काही करेल’ या संशयावर चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागायची ती कारवाई असते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 109 आणि 110 कलमांखाली व्हायची. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेची 128 आणि 129 ही कलमं लागतात. मुंबईत हे प्रकरण सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालतं. म्हणजे पकडणारं खातं आणि ऐकणारं खातं एकच, आणि मला हे कायम खटकत आलं आहे.

मी पाहिलेल्या अशा नोटिशींत नाव आणि वय तेवढं पेनाने भरलेलं असतं, बाकी मजकूर सगळ्यांना सारखाच. खरं तर तुमच्याविषयी नेमकी काय माहिती मिळाली, ते नोटिशीत लिहायलाच हवं. त्यामुळे तीन गोष्टी करा. नोटिशीची प्रत मागा. ‘मी अमुक ठिकाणी कामाला होतो, अमुक तारखेला काम सुटलं’ असं लेखी उत्तर द्या. आणि वकील मागा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा फोन आहे 15100. बंधपत्राचा आदेश झालाच तर सत्र न्यायालयात अपील करता येतं. अटक केली असेल तर कारण सांगणं आणि 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं पोलिसांना बंधनकारक आहे.

दुसरा धोका 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याचा. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भीक मागूनच जगत असावा अशा रीतीने माणूस फिरतोय, एवढंही त्यात ‘भीक मागणं’ ठरू शकतं. वॉरंटशिवाय अटक होते आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या, पण आपल्याकडे हा कायदा उभाच आहे. तो इथेही जायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोवर जुनी पगारपावती, कारखान्याचा पास, ईएसआय (कामगार विमा) कार्ड, जे असेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत अंगाशी ठेवा. नाक्यावर उभं राहून पोलिसाला दाखवायला तेवढाच आधार असतो. फलाटावर मात्र झोपू नका, तिथे रेल्वे कायद्याचं कलम 147, म्हणजे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्याचं, लावतात.

आणि मालकाला असं सोडू नका. कामगार कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तुमचे 105 दिवस होतात, ग्रॅच्युइटी वेगळी. ‘स्वखुशीने राजीनामा’ अशा कागदावर सही घेतली असेल तर तेही तक्रारीत लिहा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात अर्ज करा. ईएसआय कापला जात असेल तर त्यांच्या शाखा कार्यालयात, काम गेल्यावर काही काळ भत्ता देणाऱ्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आधी ती चालू आहे ना ते विचारा.

प्रश्न : दोन महिन्यांचं भाडं थकलंय. घरमालक म्हणतो, उद्या हवालदार आणून सामान बाहेर काढतो.

हवालदाराला तो अधिकार नाही. भाड्याचा वाद दिवाणी असतो. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असली तरी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडेच, म्हणजे भाडे कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच, जावं लागतं. करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, हे त्याला शांतपणे सांगा. जमेल तेवढं भाडं ऑनलाइन भरत राहा, म्हणजे नोंद राहते. कुलूप लावलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

प्रश्न : ताई, नवरा गेल्यापासून दोन मुलींना घेऊन दादरला फुटपाथवर आहे. कुठे जाऊ?

आज रात्रीच महिला हेल्पलाइनला 181 वर फोन करा, मुलींसाठी बालकांची हेल्पलाइन 1098 आहे. सकाळी वॉर्ड ऑफिसमध्ये समाज विकास अधिकाऱ्याला भेटा, सोबत कुणीतरी न्या. बाई म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळतोच, त्याला उत्पन्नाची अट नाही. मतदार यादीतही नाव घालता येतं: तुम्ही सांगितलेल्या जागी रात्री अधिकारी येऊन तुम्ही तिथेच झोपता का पाहतो, पत्त्याचा कागद लागत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीबाहेर रोज दहा-बारा जण झोपतात. पोलिसांना सांगूनही हटत नाहीत. उपाय काय?

रात्री बाईमाणसाला त्या फुटपाथवरून जाताना भीती वाटते, हे मला मान्य आहे. पण पोलिसांनी हटवलेला माणूस पुढच्या गल्लीत जाऊन झोपतो. मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं की फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणाला नाही, पण जगण्याच्या हक्कात उपजीविका येते आणि अपवाद सोडता नोटीस न देता हटवणं चालणार नाही. पुढे 2010 मध्ये त्याच न्यायालयाने शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा, 24 तास आणि बारमाही, असा दंडक घातला. 2011 च्या जनगणनेची 1 कोटी 24 लाख वस्ती धरली तर मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्याऐवजी महापालिकेच्या वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना पत्र लिहा: आमच्या वॉर्डात निवारा केंद्र कुठे आहे, त्यात किती जागा आहेत, नसेल तर कधी होणार. खाली सगळ्या सभासदांच्या सह्या घ्या आणि पोच घेऊन या.