काचेचा मुखवटा आणि एका भूमिकेच्या दोघी

वाचक विचारतात

गेल्या अंकात बोलता बोलता मी मिउची सुझुए यांच्या ‘गारासु नो कामेन’ या जपानी मांगाचं (चित्रकथामालिकेचं), म्हणजे ‘काचेचा मुखवटा’चं, नाव घेतलं. त्यावर बरीच पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलं आहे.

“काकू, आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत मुख्य भूमिका माझ्या जिवलग मैत्रिणीला मिळाली आणि मला बॅकस्टेज. ‘काचेचा मुखवटा’ची २००५ ची ॲनिमे मालिका मी सबटायटल्स वाचत पूर्ण पाहिली. मायाकडे उपजतच सगळं आहे, मग आयुमीनं एवढं राबून उपयोग काय? मला आयुमीची दया येते. ते मला आवडत नाही, कारण मीच आयुमी आहे असं वाटतं.” (द्वितीय वर्ष, सांगली)

दया येते म्हणतेस, तिथेच आपण जरा थांबू. ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही, त्यांना आधी थोडं सांगते.

माया किताजिमा तेरा वर्षांची आहे. तिची आई योकोहामातल्या एका चिनी खाणावळीत राबते, तिथेच दोघी राहतात. मायाला एक नाटक बघायचंय. तिकिटासाठी ती वर्षाच्या शेवटच्या रात्री शंभरावर सोबा नूडल्सच्या ऑर्डरी एकटीनं घरोघर पोचवते. मिळालेलं तिकीट समुद्रात पडतं, तर ही त्या गारठलेल्या पाण्यात उडी घेते. दिसायला चारचौघींसारखी, अभ्यासात मागे, पण एकदा पाहिलेलं नाटक तिला जसंच्या तसं आठवतं. दुसरी हिमेकावा आयुमी. वडील दिग्दर्शक, आई नामवंत अभिनेत्री, रूप, घराणं, शिक्षण, सगळं आहे. या दोघींवर नजर ठेवून आहेत त्सुकिकागे चिगुसा. एकेकाळच्या थोर अभिनेत्री. रंगमंचावरचा दिवा अंगावर कोसळला, अर्धा चेहरा गेला आणि कारकीर्द संपली. ‘कुरेनाइ तेन्न्यो’ या दंतकथा झालेल्या नाटकाचे हक्क त्यांच्याकडे आहेत. त्यातली नायिका, लाल फुलांच्या जुन्या प्लम वृक्षाचा आत्मा, या दोघींपैकी एकीलाच मिळणार.

एवढं ऐकलं की वाटतं, गरीब गुणी मुलगी आणि श्रीमंत गर्विष्ठ मुलगी. सुरुवातीचे खंड वाचताना माझाही तोच समज होता. १९९८ साली पुण्यातल्या एका कारखान्यात मी दुभाषी होते. जपानला परत निघालेल्या एका इंजिनिअरच्या पत्नीनं पुस्तकांनी भरलेलं एक खोकं माझ्या दारात ठेवलं. त्यात हे खंड होते. जपानी भाषेचा सराव म्हणून वाचायला घेतले आणि चार रात्री झोपले नाही.

माझा समज मोडला तो सुरुवातीच्याच एका प्रसंगानं. माया आणि आयुमी लोकांसमोर एक छोटा प्रवेश करतात. आयुमीनं हवं ते बोलावं, मायानं मात्र चारच शब्द वापरायचे: हाय, इइए, अरिगातो, सुमिमासेन. हो, नाही, आभारी आहे, माफ करा. आयुमी मुद्दाम असे प्रश्न टाकते की ज्यांची उत्तरं या चारांत बसूच नयेत. कुठलं संगीत लावू, असं ती विचारते. हो म्हणून चालत नाही, नाही म्हणूनही चालत नाही. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. माया शांतपणे उठते, तबकड्यांमधून एक निवडते आणि आयुमीच्या हातात देते.

बघणाऱ्यांना ती वेळ निभावून नेल्याची गंमत वाटते. मायाला तर आपण काही विशेष केलं याची जाणीवही नाही. तिनं नेमकं काय केलं हे तिथे एकीलाच पुरतं कळतं, आणि ती आयुमी. पुढचे सगळे खंड माझ्या मते याच क्षणातून निघाले आहेत. मायाची खरी किंमत मालिकेत सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक ओळखणारी माणसं दोनच, एक त्सुकिकागेबाई आणि दुसरी हिची प्रतिस्पर्धी. चाहत्यांना, समीक्षकांना ते फार उशिरा उमगतं.

आता तुझा प्रश्न: राबून उपयोग काय? हेलन केलरचं नाटक आठव. एकाच भूमिकेसाठी दोघींची निवड होते, आळीपाळीनं प्रयोग. हेलनची शिक्षिका ॲन सुलिव्हान, तिच्या भूमिकेत आयुमीची स्वतःची आई. माया डोळ्यांवर पट्टी बांधते, कान बंद करते आणि तशीच वावरते. ‘पाणी’ या शब्दाचा अर्थ हेलनला उमगतो तो क्षण तिला सापडतो हातात फुटलेल्या पाण्याच्या फुग्यात. आयुमीला तोच क्षण सापडतो विजेच्या झटक्यात. तू म्हणतेस तसं एकीकडे नुसती प्रतिभा आणि दुसरीकडे नुसते कष्ट असते, तर मायाला काहीच शोधावं लागलं नसतं आणि आयुमीला काहीच सापडलं नसतं. राबतात दोघी. आयुमीचं राबणं आपल्याला जास्त दिसतं, कारण मिउचीबाई आपल्याला तिच्या बंद खोलीत नेतात, जिथे ती एकटी असते आणि हरल्यासारखी बसलेली असते. पुरस्कार मायाला मिळतो. आयुमी कोणाला दोष देत नाही. आपल्याला नक्की काय आलं नाही ते तिला माहीत असतं.

आणि मायाचं काय? ती खंडामागून खंड एकच धरून बसलेली: आयुमीसान कुठे आणि मी कुठे. दोघींनाही वाटतं की आपण मागे आहोत. दोघी मनापासून तसं मानतात, आणि म्हणूनच एवढ्या वर्षांत दोघींपैकी कोणीही जागच्या जागी थांबत नाही. मी पुष्कळ मांगा वाचले, त्यांत हरणारा वाढतो आणि जिंकणारा हसतो. इथे जिंकणारीलाच कळत नाही की ती जिंकली.

आता माझं सांगते. कॉलेजात असताना मलाही भूमिका मिळाली नव्हती. ती मैत्रिणीला मिळाली आणि मला प्रॉम्प्टिंग दिलं. पहिला आठवडा मी वहीच्या मागच्या पानावर तिच्या चुकांच्या रेघा ओढत होते. तिला एक साधं वाक्य होतं, “चहा गार झाला.” रोज ती ते निराळ्या तऱ्हेनं म्हणायची आणि रोज ते पडायचं. एका संध्याकाळी ती आधी बशीतला कप सरळ करत बसली, आणि वाक्य म्हणाली ते कपाकडे बघत, समोरच्या नटाकडे न बघता. माझ्या अंगावर काटा आला. दिग्दर्शक “पुढे” म्हणाले. बाकीचे वडापावची वाट बघत होते. ते फक्त मला कळलं, कारण तेच वाक्य मी रोज रात्री घरी आरशासमोर म्हणत होते आणि मला ते जमत नव्हतं. त्या रात्री मी वहीचं ते पान फाडलं. घरी जाताना तिला सांगितलं. ती रस्त्यातच रडायला लागली. म्हणाली, पंधरा दिवस मला वाटत होतं हे कोणालाच दिसत नाही.

म्हणून तुला सांगते, बॅकस्टेजचं काम झालं की विंगेत बस. तिची वाक्यं तुझी पाठ असतीलच, मला खात्री आहे. ती कुठे अडते हे तुला दिग्दर्शकाच्या आधी कळेल. आणि एखाद्या दिवशी तिला ते सापडलं, तर त्याच दिवशी सांग, दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस. आयुमीची दया मग येणार नाही तुला.

“आपल्या रंगभूमीवर अशी जोडी नव्हती का? आम्ही कोल्हापूरकर केशवराव भोसल्यांचं नाव घेतल्याशिवाय राहणार नाही.” (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

घ्याच, नाना. ८ जुलै १९२१ चा मुंबईतला संयुक्त ‘मानापमान’ माझ्याही मनात होता. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवरावांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. पण तिथे दोघांच्या भूमिका वेगळ्या होत्या. एकमेकांना तोलून धरता येत होतं, पदाला पद देता येत होतं. माया आणि आयुमीच्या वाट्याला हेलन येते ती एकच. आज हिची, उद्या तिची. दुसरीचा प्रयोग चालू असताना ही प्रेक्षकांत बसलेली असते, आणि तिथून तिला काहीही करता येत नाही.

“मुलगा आठवीत आहे, सतत मांगा. त्यात जो तो दुसऱ्याला हरवायलाच निघालेला. यातून मुलं मत्सरच शिकणार ना?” (पालक, ठाणे)

तुमचा मुलगा कुठल्या मालिका वाचतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. या मालिकेतलं सांगते.

ओतोबे नोरिए नावाची एक मुलगी कटकारस्थान करून मायाला कामातून उठवते आणि तिची जागा बळकावते. आयुमीला हे कळतं. स्पर्धा तर परस्पर संपली, वाट मोकळी झाली, मत्सरी माणसाला आणखी काय हवं? आयुमी संतापते. ती ‘कार्मिला’ या रक्तपिपासू स्त्रीच्या नाटकात नोरिएसमोर उभी राहते, आणि भर प्रयोगात नुसत्या अभिनयाच्या जोरावर तिला अशी झाकोळून टाकते की प्रेक्षकांना नोरिए दिसतच नाही. मायाला यातलं काही सांगायला ती जात नाही.

माया मात्र त्या पडझडीनंतर रंगमंचावर उभीही राहू शकत नाही. एका नाटकात आयुमी नायिका आहे आणि मायाला तोकी नावाच्या खेडवळ पोरीचं लहानसं काम मिळतं. तिच्यावर डूख धरलेली मंडळी ताटलीत खाऊऐवजी खऱ्या चिखलाचे गोळे ठेवतात. प्रयोग चालू, समोर प्रेक्षक. माया ते खाते. चवीनं खाते, कारण तोकीला तो खाऊ आवडतो. ते बघून माया परत आल्याचं आयुमीला कळतं.

मत्सर या मालिकेत आहे, पुष्कळ आहे. आयुमी स्वतः त्यातून जाते आणि लेखिका ते लपवत नाही. पण पुढे ‘दोन राजकन्या’ नावाचं नाटक येतं. लोकांची अपेक्षा अशी की देखणी आयुमी लाडकी राजकन्या होईल आणि माया अंधारकोठडीत वाढलेली. होतं उलट. मग भूमिका समजण्यासाठी दोघी घरांची अदलाबदल करतात. माया आयुमीच्या वाड्यात राहते, आयुमी मायाच्या लहानशा खोलीत. दुसऱ्याचं आयुष्य अंगावर घालून बघणं मुलांना यापेक्षा चांगलं कोण शिकवणार, सांगा. मुलाच्या शेजारी बसा आणि त्याच्या आवडत्या मालिकेतला खलपुरुष वीस खंडांनंतर कोण झाला ते त्यालाच विचारा. तो तासभर बोलेल.

“ही मालिका अजून पूर्ण झालेली नाही असं वाचलं. मग सुरू करावी का? आणि इतकी वर्षं पात्रं तीच कशी राहतात?” (नागपूर)

खरं आहे. ‘हाना तो युमे’ या नियतकालिकात १९७६ च्या सुरुवातीला ती सुरू झाली. ४९ वा खंड २०१२ च्या ऑक्टोबरात निघाला आणि ५० वा अजून आलेला नाही. कथेत मात्र सातआठ वर्षंच गेली आहेत. सुरुवातीला तबकडी फिरवायचे काळे फोन आहेत आणि शेवटच्या खंडांत त्याच माणसांच्या हातात मोबाइल. पहिल्यांदा मला ते खटकलं. आता खटकत नाही, चाहत्यांनाही ते लाडकंच झालं आहे.

पात्रं तीच राहतात असं मात्र मी म्हणणार नाही. शेवटच्या खंडांत एका अपघातानंतर आयुमीची दृष्टी अधू होत जाते, आणि ही गोष्ट लपवून ती ‘कुरेनाइ तेन्न्यो’च्या तालमी करत राहते. ज्या मुलीनं कधीकाळी हेलन उभी करण्यासाठी अंधार मागून घेतला होता, तिला आता तो न मागता मिळाला आहे आणि डोळस असल्याचं सोंग आणावं लागतं आहे. हे पाचव्या खंडात आलं असतं तर नुसतं करुण वाटलं असतं. चाळीसहून अधिक खंड तिला चालताना, नाचताना, आरशात बघताना पाहिल्यावर आपल्याला माहीत असतं की या बाईचा सगळा अभिनय नजरेत आणि देहाच्या रेषेत आहे. तेच आता तिच्या हातातून सुटतं आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती मायासारखी, आतून चाचपडत, भूमिकेकडे जाऊ लागते. मला तर हा सगळा भाग वाचताना वाटतं की मालिकेची खरी नायिका आयुमीच आहे. माझ्या जपानी मैत्रिणींना हे अजिबात पटत नाही. त्या सगळ्या मायाच्या बाजूच्या.

आणखी एक. मांगातलं ते काल्पनिक नाटक आता काल्पनिक राहिलेलं नाही. २००६ साली तोक्योच्या राष्ट्रीय नोह रंगमंदिरात ‘कुरेनाइ तेन्न्यो’ नवं नोह नाटक म्हणून, म्हणजे जपानच्या पारंपरिक मुखवटानाट्याच्या शैलीत, सादर झालं, आणि २०२० मध्ये त्याचा ऑपेराही झाला. त्याआधी २००८ मध्ये दिग्दर्शक निनागावा युकिओंनी मूळ मांगावर संगीत नाटक बसवलं होतं. मायाआयुमीपैकी ती भूमिका कोणाची, हे मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा सुरू करा. जपानी येत असेल तर तोक्योत गेल्यावर जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्ल्यांत चौकशी करा, माझे पुढचे खंड मी तिथूनच गोळा केले. येत नसेल तर सांगलीच्या मुलीसारखी २००५ ची ॲनिमे बघा. एक्कावन्न भाग आहेत. चार शब्दांचा प्रवेश सुरुवातीच्या भागांतच येतो. तो आला की माया काय करते हे तर बघालच, पण तबकडी हातात पडल्यावर आयुमीचा चेहरा कसा होतो तिकडे लक्ष ठेवा.