काठावर भराव नको, चिखलात युरिया नको

प्रश्न: शेत नदीला लागून आहे. दर दोन-तीन वर्षांनी पाणी शिरतं. काठाने उंच भराव घालावा म्हणतोय. पोकलेनवाला म्हणतो, शेजारचा ओढाही सरळ करून घ्या. आणि पूर ओसरल्यावर युरिया किती टाकावा?

उत्तर: भराव घालू नका, ओढा सरळ करू नका, आणि चिखलात युरिया एक मूठही टाकू नका.

तुमची मळी, म्हणजे नदीकाठची ही सपाट जमीन, नदीनेच गाळ आणून घडवली आहे. नदीच्या पात्रात साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराएवढंच पाणी मावतं; त्यापुढचं काठावर येणारच. एकरभर रानात फूटभर पाणी उभं राहिलं तर ते १२ लाख लिटर भरतं. अशी शेकडो एकर रानं पाणी धरून सावकाश सोडतात, म्हणून खाली पुराची उंची कमी राहते आणि पूर उशिरा पोचतो. भराव घातलात की तेच पाणी समोरच्याच्या रानात चढणार. भराव फुटलेली शेतं मी बरीच पाहिली आहेत: पिकासकट माती खरवडून गेलेली, आणि नदी उतरली तरी आतलं पाणी भरावामागे अडकून पडलेलं.

पोकलेनचं भाडं तासावर असतं, एवढं ध्यानात ठेवून त्याचा सल्ला ऐका. पाणी लवकर जाईल हे खरं. पण ओढ्याची लांबी निम्मी झाली की उतार दुप्पट होतो, वेग ४० टक्क्यांनी वाढतो. मग तळ खोल जातो, काठ ढासळतो आणि पाठोपाठ तुमचा बांध. वळणं राहू द्या.

काही करायचंच असेल तर काठालगत १०-१५ फुटांचा पट्टा सोडा. वरच्या अंगाला बांबू आणि निरगुडी, पुढे वाळ्याच्या दोन-तीन ओळी, दोन ठोंबांत वीतभरापेक्षा कमी अंतर. वाळा पुरात वाकतो, उपटत नाही; मुळं ३ मीटरपर्यंत जातात. दाट झुडपांत पाण्याचा वेग मोकळ्या पात्राच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि गाळ तिथेच बसतो. मात्र लागवड काठावर करा, पात्रात नाही. जमीन वाया जाते अशी कुरकुर दरवेळी ऐकतो.

आता युरिया. बुडालेल्या मातीतली हवा एक-दोन दिवसांत संपते, मुळं गुदमरतात, खत घेत नाहीत. टाकलेलं नत्र वायू होऊन उडतं नाहीतर झिरपून जातं. दुकानदार म्हणेल, पीक पिवळं पडलंय, एक पोतं जास्तच टाका. टाकू नका! टॉनिकची बाटलीही नको. चर काढून पाणी बाहेर घाला, वाफसा येऊ द्या (माती ओलसर पण मोकळी, हवा खेळणारी), नवी पांढरी मुळं दिसली की युरियाचा राहिलेला हप्ता शिफारशीएवढाच द्या. तोवर पीक तग धरून असेल तर पानांवरचा गाळ धुऊन १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) लिटरला १० ग्रॅम घेऊन फवारा. वाफशाआधी युरिया नाही म्हणजे नाही.

भरपाईसाठी फोटो काढून ठेवा, पंचनाम्याआधी पीक मोडू नका. विम्याच्या अटी अधिसूचनेत पाहा, दुकानात विचारू नका.