मठ्ठ्याची बादली आणि माझं हसू

प्रश्न : दिराच्या लग्नात मामेसासरे पंगतीत सगळ्यांना शिस्त शिकवत फिरत होते. तेवढ्यात मठ्ठ्याच्या बादलीसकट घसरले. सगळे धावले, मी पदराआड हसत राहिले. माझ्यात काही खोट आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, खोट असलीच तर ती माझ्यातही आहे. आमच्या कडक हेडमास्तरांचा टोप झेंडावंदनाला वाऱ्याने उडाला, ते आठवून मी साठीतही हसतो.

मामांना लागल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. डोकं फुटलं असतं, तर तोच पदर तुम्ही जखमेवर दाबला असतात. धोका दिसून लगेच टळला, की अंगातला ताण हसण्यातून सुटतो.

पण मला अडकवलं ते 'शिस्त शिकवत' या शब्दांनी. २००९ साली जपानी संशोधकांना मेंदूच्या चाचण्यांत दिसलं, की ज्याचा हेवा वाटतो त्याची फजिती वाचताना मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर सुखावणारा भागच चेततो. जर्मन भाषेत याला 'शाडनफ्रॉइड' म्हणतात. आपलं 'बरी जिरली' जास्त खमंग आहे.

मामांची चौकशी केलीत का? फोनवर करा. हसू आलं तरी दिसत नाही.