फ्रीज उघडला, पण कशाला? वर्किंग मेमरीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या लेखात वर्किंग मेमरी, म्हणजे काही सेकंद एखादी गोष्ट डोक्यात धरून तिच्यावर काम करायची क्षमता, याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त मेल आले. त्यातले पाच घेतलेत. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी रागावू नका.

प्रश्न : वय ४१. फ्रीज उघडून उभी राहते आणि काय घ्यायला आले तेच आठवत नाही. मेसेज करायला फोन हातात घेते, भलतंच बघत बसते, मेसेज राहतोच. सासूबाईंना अल्झायमर होता म्हणून भीती वाटते.

ताई, आधी एक, सासूबाईंचा आजार वारशाने तुमच्याकडे येणार नाही, ती काळजी हवं तर तुमच्या मिस्टरांनी करावी (आणि त्यांनीही लगेच करू नये). आता फ्रीजचं. निघताना "कोथिंबीर" डोक्यात होती, मध्ये कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी चार्जर कुठंय विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत आणि तेवढ्यात कोथिंबीर गेली. परत ओट्यापाशी आलात की आठवते ना? मग ती पुसली गेली नव्हती, हातातून सुटली होती एवढंच.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्याला कळलं त्यात हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन पेशंटचा मोठा वाटा आहे. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला आणि त्यानंतर त्याच्या नवीन आठवणी बनणंच जवळपास बंद झालं. तरी आकडे ऐकून लगेच परत म्हणायला तो तुमच्याआमच्याइतकाच पक्का होता. एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला, तो पंधरा मिनिटं घोकत बसला, ५ आणि ८ आणि ४ मिळून १७, ८ लक्षात ठेवायचे, १७ मधून गेले की उरले ९, नऊचे दोन भाग ५ आणि ४, झालं, ५८४! पंधरा मिनिटांनी आकडा बरोब्बर सांगितला. त्यानंतर लक्ष दुसरीकडे गेलं आणि मिनिटभरात आपल्याला आकडा दिला होता हेच त्याला आठवेना. अल्झायमरची सुरुवात बहुतेक वेळा या हिप्पोकॅम्पसच्या बाजूने होते, म्हणजे सकाळी पाहुणे आले होते हेच आठवत नाही, तोच प्रश्न दहा मिनिटांनी परत, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ. तुमची तक्रार त्यातली नाही. झोप कशी आहे बघा, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, पाळी अनियमित व्हायला लागली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण या सगळ्याने लक्ष विस्कटतं. आणि मेसेजचं म्हणाल तर फोन उघडायच्या आधी काय लिहायचंय ते तोंडाने पुटपुटा. हसू नका, मोलेसनने तेच केलं होतं.

प्रश्न : मी एम.ए. सायकॉलॉजी करतेय. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांच्या वर्किंग मेमरीच्या मॉडेलमध्ये "सेंट्रल एक्झिक्युटिव्ह" असा डबा काढलेला असतो. तो मेंदूत नक्की कुठे आहे? नोट्समध्ये फक्त "प्रीफ्रंटल कॉर्टेक्स" एवढंच लिहिलंय.

नोट्स चूक नाहीत, आळशी आहेत. १९७४ च्या त्या मॉडेलमध्ये तीन भाग होते, ऐकलेले शब्द घोळवणारी फोनॉलॉजिकल लूप, चित्र आणि जागा धरणारं स्केचपॅड, आणि या दोघांकडून काम करून घेणारा एक्झिक्युटिव्ह (एपिसोडिक बफर बॅडलीने २००० मध्ये जोडला). पहिल्या दोघांवर भरपूर प्रयोग झाले आणि जे कळत नव्हतं ते सगळं तिसऱ्या डब्यात ढकललं गेलं, हे बॅडलीनेही मान्य केलंय. तेव्हा "डबा कुठे" विचारण्याऐवजी "हा करतो काय" असं विचार. मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तीन कामं वेगळी काढली, जुनी माहिती काढून नवीन घालणं, एका नियमावरून दुसऱ्यावर जाणं, आणि तोंडावर आलेलं उत्तर दाबणं. तिन्ही एकमेकांशी जोडलेली आहेत पण एकच नाहीत.

आता मेंदू. प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणजे कपाळामागचा भाग. १९३० च्या दशकात येल विद्यापीठात कार्लाइल जेकबसनने माकडांवर केलेलं काम बघ. माकडासमोर दोन वाट्या, एकीखाली खाऊ लपवताना त्याला दिसतं, मग मध्ये पडदा, काही सेकंद थांबायचं, पडदा वर, उचल वाटी. साधं माकड सहज उचलतं. दोन्ही बाजूंचा प्रीफ्रंटल भाग काढलेलं माकड मात्र अंदाजपंचे हात घालतं. निष्कर्ष सरळ वाटतो, आठवण तिथे साठते, भाग काढला, आठवण गेली. पण १९४२ मध्ये माल्मो नावाच्या संशोधकाने हाच प्रयोग थोडा बदलून केला, थांबायच्या वेळात खोलीतला दिवा बंद. आणि ती माकडं बऱ्यापैकी बरोबर वाट्या उचलायला लागली! भाग तर काढलेलाच होता, मग आठवण आली कुठून? म्हणजे गेली होती ती आठवण नव्हे, मधल्या वेळात डोळ्यांसमोर जे काही येईल त्यापासून ती जपायची ताकद गेली होती. मला विचारशील तर या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग हाच आणि तो नोट्समध्ये नसतो.

पुढे १९७१ मध्ये फस्टर आणि अलेक्झांडर यांनी अमेरिकेत आणि कुबोटा आणि निकी यांनी जपानमध्ये माकडांच्या प्रीफ्रंटल पेशींमधून रेकॉर्डिंग केलं तेव्हा पडदा खाली असतानाही काही पेशी फायर होत, म्हणजे विजेचे संदेश सोडत, राहिलेल्या दिसल्या. मेंदू-संशोधक पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी हा धागा खूप पुढे नेला, डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झालं तरी आणि जास्त झालं तरी या पेशींचं काम बिघडतं हे त्यांच्याच लॅबमधून आलं. मग २००९ मध्ये एफएमआरआयवरून (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) दिसलं की माणूस रेघांचा तिरकेपणा लक्षात ठेवत असतो तेव्हा तो तपशील डोक्याच्या मागच्या बाजूच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समधून वाचता येतो. आज बरेच लोक असं मानतात की तपशील धरायचं काम मागचे भाग करतात, कशाकडे लक्ष ठेवायचं ते प्रीफ्रंटल आणि टाळूखालचा पराएटल भाग मिळून ठरवतात, आणि नवीन काही आत घ्यायचं की दार बंद ठेवायचं यात खालच्या बेसल गँग्लियाचा हात असतो. त्या पेशी सतत फायर होत राहणं गरजेचं आहे का यावर अजून जोरदार भांडण चालू आहे, परीक्षेत दोन्ही बाजू लिही.

प्रश्न : मुलगा दुसरीत, मराठी माध्यम. पंचवीस सांगितलं की ५२ लिहितो, सत्तेचाळीसला ७४. शिकवणीच्या बाई डिस्लेक्सिया म्हणतात.

बाईंना सांगा, एवढ्यात नको. मुलाच्या जागी बसून बघा. कानावर पहिलं काय आलं? "सत्ते". ते लिहायचं नाही, धरून ठेवायचं, मग "चाळीस" ऐकायचं, ४ आधी लिहायचा आणि मग धरलेला ७ शेजारी ठेवायचा, आणि तेवढ्यात पेन्सिलचं टोक मोडतं. सात वर्षांच्या डोक्याला हे खरोखर काम आहे, कारण प्रीफ्रंटल भाग पिकायला विशी उलटावी लागते. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. २००९ च्या एका अभ्यासात जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या आकडे लिहिण्यातल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा संबंध वर्किंग मेमरीच्या एक्झिक्युटिव्ह भागाशी लागला. आपल्याकडे वर एकोणतीस, एकोणपन्नास आहेतच, बोलताना पन्नास आणि लिहिताना ४ आधी.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? गणितज्ञ मंगला नारळीकरांनी परोपरीने समजावलं की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी वाट दिलीय, पण जोक्स फॉरवर्ड करण्यात लोक रंगले होते. माझं मत स्पष्ट आहे, नारळीकर बाईंचं म्हणणं बरोबर होतं. घरी करून बघा, ४० चं कार्ड ठेवा, त्यातल्या शून्यावर ७ चं छोटं कार्ड, "चाळीस सात" म्हणा आणि मग "म्हणजेच सत्तेचाळीस". आकडे सावकाश सांगा. तिसरी संपेपर्यंत हेच चालू राहिलं आणि वाचनही अडखळत असेल तर तपासणी करू.

प्रश्न : एमपीएससी देतोय. घरी सगळं येतं, हॉलमध्ये ब्लँक. मित्र म्हणतो ब्रेन ट्रेनिंग ॲपचं सबस्क्रिप्शन घे, वर्किंग मेमरी डबल होते. गाणी लावून अभ्यास केलेला चालतो का?

ॲपचे पैसे वाचव. १९८० च्या सुमारास एरिक्सन आणि चेस यांनी एका कॉलेजच्या मुलाला आकडे ऐकून परत म्हणायची प्रॅक्टिस दिली, दोनशेच्या वर तास, सुरुवातीला सात आकडे म्हणणारा मुलगा ऐंशीच्या जवळ पोचला! सगळे खूश. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली आणि गाडी परत सहावर. तो पळणारा होता, आकड्यांचे तुकडे करून शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत होता, क्षमता वाढलीच नव्हती, युक्ती सापडली होती. ॲपमध्येही तू त्या गेममध्ये हुशार होतोस, चालू घडामोडींमध्ये नाही. २०१६ मध्ये लुमॉसिटी या ब्रेन ट्रेनिंग ॲपच्या कंपनीला अमेरिकेत पुराव्याशिवाय मोठे दावे केले म्हणून २० लाख डॉलर भरावे लागले.

हॉलमधलं ब्लँक होणं वेगळं आहे. डोक्यात एका वेळी साधारण चारेक गोष्टी मावतात, त्यातल्या दोन जागा "यंदा नाही झालं तर घरी काय सांगू" ने अडवल्या की प्रश्नाला उरतं काय? शिवाय ताण वाढला की नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन या रसायनांचा लोंढा येतो आणि प्रीफ्रंटलची पकड सुटते. वाचलेलं गेलेलं नसतं, शोधणारा गडबडतो. तेव्हा घड्याळ लावून, अनोळखी अभ्यासिकेत, पूर्ण पेपर सोडव, आठवड्याला निदान एक, म्हणजे त्या परिस्थितीची भीती मोडते. पेपर हातात आला की डोक्यात घोळणारी सूत्रं, कलमं आधी कच्च्या कामाच्या जागेत उतरव. गाण्यांचं म्हणशील तर शब्द असलेली नको, वाचताना शब्द घोळवणारी जी लूप वापरतोस तिच्यातच ते शब्द घुसतात. बासरी, सतार चालेल.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी मिस्टरांचा बाइक ॲक्सिडेंट झाला, कपाळाला मार होता. आता एमआरआय नॉर्मल, जुनं सगळं आठवतं, पाढेसुद्धा म्हणतात. पण भाजी आणि लाइट बिल सांगून पाठवलं तर भलतंच करून येतात, मध्येच चिडतात. घरचे म्हणतात मुद्दाम करतो.

मुद्दाम नाही करत आहेत. घरच्यांना हे वाचायला द्या.

तपासणीत आम्ही एक साधी गोष्ट करतो. आकडे सांगतो, ४-९-२-७-५, तसेच म्हणा, असे पेशंट बहुतेक वेळा बरोबर म्हणतात. मग तीनच आकडे, उलटे म्हणा, ६-१-८. इथे "आठ..." म्हणून थांबतात, वर बघतात, "परत सांगा ना" म्हणतात, आणि कधी कधी सरळ चिडतात. धरणं जमतंय, धरून फिरवणं जमत नाही. १९९१ मध्ये शॅलिस आणि बर्जेस यांनी डोक्याला असाच पुढून मार बसलेल्या तीन जणांना छोट्या बाजाराच्या यादीसह दुकानांत पाठवलं होतं. बुद्धिमत्तेच्या चाचणीत तिघंही चांगले होते, तरी यादीचा बोजवारा उडाला, क्रम चुकले, नियम मोडले. तुमच्या भाजी आणि बिलासारखंच. नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूतल्या तंतूंना झालेली बारीक इजा दरवेळी दिसते असं नाही, त्यामुळे "नॉर्मल" रिपोर्टवर विषय संपवू नका, न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून पूर्ण तपासणी करून घ्या, मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्येही मनोविकार किंवा न्यूरॉलॉजी विभागात चौकशी केली तर सोय कळते.

तोपर्यंत एका वेळी एकच काम, आणि ते कागदावर, मोठ्या अक्षरात, झालं की स्वतः टिक करायचं. सांगताना टीव्ही बंद. दुपारनंतर थकल्यावर महत्त्वाचं काही नको, चिडचिड बरीचशी थकव्याचीच असते. ऑफिसला परत जायची घाई असेल तर अर्धा दिवस आणि ठरलेलं काम इथपासून सुरू करा, आणि तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाइकची किल्ली तुमच्याकडे ठेवा, कितीही वाद घातला तरी.