फक्त स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा आहे, व्हायोला सोलोसाठी रोमँटिक काळातलं काहीतरी गाणारं सुचवाल का?

व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य; त्याच्यासाठी ओरिजिनल हवं असेल तर जवळजवळ नाहीच. त्या काळात, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, व्हायोलासाठी जे गाणारं लिहिलं गेलं ते बहुतेक एकतर पियानोबरोबर नाहीतर पूर्ण ऑर्केस्ट्राबरोबर. लोक तुम्हाला संगीतकार हिंडेमिटचं ट्राउअरम्युझिक (शोकसंगीत) सांगतील, ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज गेल्यावर 1936 मध्ये एका दिवसात लिहिलेलं, व्हायोला आणि फक्त स्ट्रिंग्ज, सुंदरच आहे पण रोमँटिक नाही. म्हणजे उरली अरेंजमेंट, दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिलेलं आपल्या वाद्यांवर उतरवणं, आणि अरेंजमेंट म्हटलं की मला आमचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे फर्स्ट व्हायोलिनचे प्रमुख, आठवतात.

मी जर्मनीत एका हौशी स्ट्रिंग ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. एकदाचा व्हायोलाला सोलो द्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, ब्रुखचा रोमान्स, ओपस 85, 1911 चा. त्यात क्लॅरिनेट, हॉर्न वगैरे आहेत, आमच्याकडे त्यातलं काही नाही, म्हणून कोणीतरी सगळं स्ट्रिंग्जवर उतरवलं. आता विंड्स (फुंकून वाजवायची वाद्यं) काढले की मधला सगळा भरणा सेकंड व्हायोलिन आणि मागच्या व्हायोलांवर येतो, म्हणजे बरोबर तिथेच जिथे सोलो गात असतो. रिहर्सलला माझं मलाच ऐकू येईना. तर हे महाशय सगळ्यांसमोर म्हणतात, मग व्हायोलिनवर वाजवू या ना, एक सप्तक वर, छान उठून दिसेल!

डोकंच फिरलं. म्हटलं ब्रुख राहू दे, मी एकोणिसाव्या शतकातल्या व्यूतांची एलेजी (शोकगीत) आणते, ओपस 30, एफ मायनर. मूळ पियानोबरोबरची, पण व्यूतां स्वतः व्हायोला वाजवायचा, या वाद्याला कुठे बोलतं करायचं ते त्याला कळत होतं. आमच्या एका चेलोवाल्या काकांनी पियानोचा पार्ट वाटून दिला, बेसला पिझिकाटो (बो न लावता बोटाने छेडून), मधले सूर शक्यतो चेलोंकडे, मागे व्हायोलाचं एकच डेस्क, म्हणजे दोनच वादक, आणि तेही म्यूट लावून. चर्चमध्ये वाजवलं, सी स्ट्रिंगवरचा (व्हायोलाच्या सगळ्यात खालच्या तारेवरचा) खर्ज पार शेवटच्या बाकापर्यंत पोचला. नंतर कॉन्सर्टमास्टर म्हणाले, छान झालं, पण शेवटी अरेंजमेंटच. अहो, चायकोव्स्कीने स्वतःच्या पहिल्या क्वार्टेटमधलं आंदान्ते कान्ताबिले चेलो आणि स्ट्रिंग्जसाठी स्वतःच करून ठेवलंय, ते तुम्ही एन्कोरला वाजवता, आणि वर व्हायोलिनवर! तेव्हा ओरिजिनल कुठे जातं?

तर तुमच्यासाठी, व्यूतां घ्या. शेवटचे आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक भरभर) जड वाटत असतील तर ग्लाझुनोवची एलेजी, ओपस 44, तीही पियानोची पण स्ट्रिंग्जवर छान बसते. हँडेलच्या नावाने खपणारा बी मायनर कॉन्चेर्टोसुद्धा बघा, तो प्रत्यक्षात आंरी काझादेस्यूने विसाव्या शतकात रचलेला, त्यामुळे हँडेलपेक्षा रोमँटिकच जास्त.

ब्रुख वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां, पूर्ण ऑर्केस्ट्रा मिळाला तर मी उद्या वाजवीन. आणि हिंडेमिट घेतलात तर तो 1963 मध्ये गेला, युरोपात अजून कॉपीराइट आहे, पार्ट रीतसर घ्यावे लागतील.

आणि सोलो ऐकू यावा म्हणून फर्स्ट व्हायोलिनचे निम्मे लोक न वाजवता नुसते बसवणार असाल तर ते आधीच सांगून टाका, ऐन रिहर्सलला सांगितलं की रुसतात.